तेराव्या कलमाला वळसा : १७८७ ची अमेरिकी राज्यघटना त्या वेळच्या कायद्यात बसत होती का?

कलमदान यांचा प्रश्न

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात तयार झालेल्या राज्यघटनेविषयी वाचताना मी एका मुद्द्यापाशी अडलो आहे. या काळाचा ज्यांनी नीट अभ्यास केला आहे त्यांच्याकडून उलगडा व्हावा, म्हणून तो येथे मांडतो.

ही घटना येण्यापूर्वी तेरा राज्यांना बांधणारा करार होता तो 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'. काँग्रेसने तो १७७७ मध्ये स्वीकारला आणि सर्वांत शेवटी मेरीलँडने मान्यता दिल्यावर १ मार्च १७८१ पासून तो अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात दोन गोष्टी निःसंदिग्धपणे लिहिल्या होत्या. हा संघ चिरंतन राहील, ही एक. आणि करारात कोणताही बदल करायचा झाल्यास आधी काँग्रेसची संमती आणि त्यानंतर प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाची मान्यता लागेल, ही दुसरी. प्रत्येक म्हणजे तेराच्या तेरा. नव्या घटनेचे सातवे कलम मात्र सांगते की नऊ राज्यांतील परिषदांनी अनुसमर्थन (औपचारिक मान्यता) दिले की तेवढ्या राज्यांपुरती घटना प्रस्थापित होईल. त्यात काँग्रेसच्या संमतीचा उल्लेख नाही, विधिमंडळांचाही नाही. शिवाय फिलाडेल्फियाच्या परिषदेला काँग्रेसने २१ फेब्रुवारी १७८७ च्या ठरावाने जी मान्यता दिली होती, ती केवळ आर्टिकल्समध्ये सुधारणा सुचवण्याच्या एकमेव हेतूपुरती होती. परिषदेने मात्र जुने घर डागडुजीला घेतले आणि पाडून नवे बांधले.

तेव्हा माझा प्रश्न असा, की जी घटना स्वतःला देशाचा सर्वोच्च कायदा म्हणवते, तिचा जन्म त्या वेळच्या कायद्याबाहेर झाला असे म्हणायचे का? ही अडचण त्या प्रतिनिधींना स्वतःला जाणवत होती, की ती पुढच्या अभ्यासकांनी उकरून काढली? आणि जाणवत असेल, तर त्यांनी तिचे उत्तर काय दिले?

तळटीप यांचे उत्तर

अडचण त्यांना पुरती जाणवत होती. त्या सभागृहात वकिलीचा अनुभव असलेले लोक मोठ्या संख्येने होते आणि तेरावे कलम त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. परंतु त्यांनी ते ओलांडले का, हे समजण्यासाठी त्या कलमाने आधीच्या सहा वर्षांत काय करून ठेवले होते ते पाहावे लागते.

आर्टिकल्सखालील काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे रकमेची मागणी नोंदवू शकत होती. राज्यांनी ती दिली तर दिली, नाही तर नाही. युद्धाचे कर्ज डोक्यावर होते, सैनिकांचे पगार थकले होते. म्हणून १७८१ मध्ये काँग्रेसने आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचा अधिकार मागितला. बारा राज्ये कमीअधिक प्रमाणात तयार झाली असताना १७८२ च्या अखेरीस ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि प्रस्ताव तेथेच संपला. १७८३ मध्ये काहीशा सौम्य अटींवर दुसरा प्रस्ताव आला. तो १७८६ मध्ये न्यू यॉर्कने स्वीकारण्याजोग्या स्वरूपात मान्य न केल्यामुळे बुडाला. एकमताची अट कागदावर समतेची वाटली तरी व्यवहारात तिचा अर्थ 'कोणत्याही एका राज्याला नकाराधिकार' असा झाला होता. फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींच्या मनात ऱ्होड आयलंडविषयी जी चीड दिसते, तिचे मूळ येथे आहे. त्या राज्याने परिषदेला प्रतिनिधीदेखील पाठवले नाहीत.

परिषदेच्या अधिकाराचा प्रश्न जून १७८७ मध्येच उघडपणे चर्चेला आला. लहान राज्यांची योजना मांडणारे न्यू जर्सीचे विल्यम पॅटरसन यांनी १६ जूनला भूमिका घेतली की संघाची रचना मुळातच चुकीची वाटत असेल, तर आपण आपापल्या राज्यांत परत जावे आणि जास्तीचे अधिकार मागून आणावेत. ते आपले आपण घेऊ नयेत. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनी त्याच दिवशी दिलेले उत्तर वकिली बाण्याचे होते. काहीही ठरवून टाकण्याचा अधिकार परिषदेला नाही, पण काहीही सुचवण्याची मोकळीक मात्र आहे, असे ते म्हणाले. व्हर्जिनियाचे एडमंड रँडॉल्फ यांनी तर स्पष्टच सांगितले की प्रजासत्ताक वाचवण्याचा प्रश्न असताना अधिकाराच्या मुद्द्यावर मी अडून बसणार नाही.

नऊ हा आकडा ऑगस्टच्या अखेरीस ठरला. विल्सन यांना सातही पुरेसे वाटत होते, कॉनेटिकटचे रॉजर शेर्मन दहा म्हणत होते आणि मेरीलँडचे डॅनियल कॅरोल यांचा आग्रह तेराचा होता, कारण जो करार सर्वांनी मिळून केला तो सर्वांनी मिळूनच मोडावा. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी नऊ पसंत केले. आर्टिकल्सखाली युद्ध, तह, कर्ज अशा मोठ्या बाबींना नऊच राज्यांची मते लागत, तेव्हा हा आकडा लोकांच्या परिचयाचा आहे, हे त्यांचे कारण. म्हणजे जुन्या कराराचा नियम मोडताना संख्या मात्र जुन्या करारातलीच उचलली. (मेसन यांनी अखेरीस घटनेवर सही केली नाही, हा भाग वेगळा.)

परिषदेतील व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी पुढे घटनेच्या समर्थनार्थ 'पब्लियस' या टोपणनावाने निघालेल्या लेखमालेतील चाळिसाव्या लेखात कबुलीच दिली की एका बाबतीत परिषदेने आपल्या अधिकारपत्राची मर्यादा सोडली आहे, आणि ती बाब म्हणजे तेराऐवजी नऊ आणि विधिमंडळांऐवजी लोक. त्याचे समर्थन त्यांनी असे केले की देशाच्या साठाव्या हिश्शाएवढ्या लोकसंख्येच्या एका राज्याने उरलेल्या एकोणसाठ हिश्शांचे भवितव्य अडवून धरणे हास्यास्पद आहे. राज्याचे नाव घेण्याची गरज त्यांना वाटली नाही, वाचकांनाही वाटली नसणार.

माझे मत विचाराल तर तेराव्या कलमाच्या कसोटीवर ही कृती अवैध होती, आणि ते मान्य केल्याने घटनेचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही.

आडवाट यांचे उत्तर

तळटीप यांनी दिलेले तपशील बरोबर आहेत, परंतु 'अवैध' हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

परिषदेने काय केले आणि काय केले नाही, हे वेगळे करून पाहावे. १७ सप्टेंबर १७८७ ला ३९ सह्या झाल्या तेव्हा त्या कागदाला मसुद्यापलीकडे काहीही किंमत नव्हती. तो मसुदा काँग्रेसकडे गेला. व्हर्जिनियाचे रिचर्ड हेन्री ली यांनी तेथे दुरुस्त्या जोडून पाहण्याचा प्रयत्न केला. शेवटी २८ सप्टेंबरला तोड अशी निघाली की काँग्रेस घटनेची स्तुती करणार नाही, निंदाही करणार नाही, केवळ राज्यांकडे पाठवेल. आणि पाठवण्याचा हा निर्णय 'एकमताने' झाला असे नोंदवले जाईल. वाचणाऱ्याला वाटावे की घटनेलाच एकमताने पाठिंबा मिळाला आहे. मसलतीची ही करामत दाद देण्याजोगी आहे, पण बेकायदा नाही. त्यानंतर परिषदा भरवण्याचा निर्णय त्या त्या राज्याच्या विधिमंडळाने घेतला. म्हणजे काँग्रेस आणि विधिमंडळे ही तेराव्या कलमातील दोन्ही दारे मसुद्याने ओलांडली. फरक पडला तो त्या दारांवरच्या अटीत.

दुसरे असे, की सातव्या कलमातील शब्दयोजना फार जपून केलेली आहे. घटना प्रस्थापित होईल ती 'अनुसमर्थन देणाऱ्या राज्यांमध्ये'. ज्याने मान्यता दिली नाही त्याच्यावर ती लादली जाणार नव्हती. त्रेचाळिसाव्या लेखात मॅडिसन यांनी याच्याही पुढचा युक्तिवाद सूचित केला आहे. अनेक पक्षांमधील करारातील एक कलम जरी एखाद्याने मोडले तरी इतरांना करार संपला असे म्हणण्याचा अधिकार मिळतो, हे तहांच्या कायद्यातील तत्त्व ते आठवण करून देतात. आर्थिक मागण्यांचे पैसे न भरून जवळजवळ प्रत्येक राज्याने आर्टिकल्स मोडलेच होते. मात्र हा विषय नाजूक आहे असे म्हणून ते पुढे सरकतात, आणि त्याचे कारणही उघड आहे. हेच शस्त्र उद्या नव्या घटनेवर चालवता आले असते.

तो धोका परिषदेत एकाने बोलूनही दाखवला होता. मॅसॅच्युसेट्सचे एल्ब्रिज गेरी १० सप्टेंबरला म्हणाले, की तेरांपैकी नऊ जण आजचा करार मोडू शकत असतील, तर नवांपैकी सहा जण उद्या नवा करार तितक्याच सहजपणे मोडतील. संपूर्ण उन्हाळ्यात या विषयावर झालेले सर्वांत मर्मावर बोट ठेवणारे विधान मला हेच वाटते.

कलमदान

दोघांचेही आभार. यातून आणखी एक शंका निघते. विधिमंडळांना बाजूला ठेवून 'परिषद' भरवावी ही कल्पना फिलाडेल्फियात ऐनवेळी सुचली, की तिला काही पूर्वपरंपरा होती? नकार टाळण्याची सोयीस्कर युक्ती म्हणून तिच्याकडे पाहावे, की त्यामागे खरोखर काही तत्त्व होते?

दगडी पाटी यांचे उत्तर

परंपरा होती, आणि या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग तोच आहे; म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१७७६ मध्ये वसाहतींची राज्ये झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी राज्यघटना लिहिल्या त्या त्या वेळी कारभार पाहणाऱ्या विधिमंडळांनी किंवा प्रांतिक सभांनी. ज्या सभेने सकाळी रसद आणि बंदुकांचा हिशेब पाहिला, तिनेच दुपारी घटना मंजूर केली. व्हर्जिनियाची घटना अशीच झाली, आणि जेफरसन यांनी पुढे तिच्यावर हाच आक्षेप घेतला, की साध्या विधिमंडळाने केलेली घटना उद्याचे साधे विधिमंडळ बदलू शकते. मग तिच्यात आणि इतर कायद्यात फरक तो काय राहिला?

हा प्रश्न जेफरसन यांच्याही आधी एका गावाने विचारला होता. सप्टेंबर १७७६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने, आपण घटना तयार करावी का, अशी गावोगाव विचारणा केली. ऑक्टोबरमध्ये काँकर्डच्या गावसभेने नकार कळवला आणि कारणेही दिली. राज्यघटना म्हणजे नागरिकांचे हक्क सत्ताधाऱ्यांपासून सुरक्षित ठेवणारी तत्त्वांची चौकट. जी सभा ती चौकट घडवते तिला ती बदलण्याचाही अधिकार आपोआप येतो. आणि जी चौकट सत्ताधारी स्वतः बदलू शकतात ती नागरिकांचे रक्षण करू शकत नाही. म्हणून या एका कामासाठी स्वतंत्र परिषद निवडावी आणि काम होताच ती विसर्जित व्हावी. दीड वर्षापूर्वी ज्या गावच्या पुलावर ब्रिटिश फौजेशी गोळीबार झाला होता, त्याच गावच्या सभागृहात बसून शेतकऱ्यांनी आणि कारागिरांनी हे लिहून काढले.

विधिमंडळाने तरीही स्वतःच घटना लिहिली आणि १७७८ मध्ये गावांपुढे ठेवली. गावांनी ती सुमारे पाचास एक अशा मताधिक्याने फेटाळली. तीत हक्कांचा जाहीरनामा नाही, सत्तांचे विभाजन पुरेसे नाही, असे आक्षेप होते; ती चुकीच्या हातांनी लिहिली आहे, हाही होता. मग राज्य ताळ्यावर आले. १ सप्टेंबर १७७९ ला केंब्रिज येथे खास निवडलेली परिषद भरली. तिच्या निवडणुकीत एकवीस वर्षांवरील स्वतंत्र पुरुषांना, मालमत्तेची नेहमीची अट न लावता, मत देऊ दिले गेले. मसुदा मुख्यतः जॉन अ‍ॅडम्स यांच्या हातचा. तो मार्च १७८० मध्ये गावसभांकडे गेला. गावांनी कलमागणिक चर्चा करून मते आणि सूचना कळवल्या. त्यांचा मेळ घालताना परिषदेने मोजणीत बरीच सैल पद्धत वापरली आणि आवश्यक ते दोन-तृतीयांश मत मिळाल्याचे जाहीर केले. ती घटना, अनेक दुरुस्त्यांसह, आजही अमलात आहे.

यातून जी प्रक्रिया पक्की झाली ती अशी, की घटना लिहिण्यासाठी वेगळी परिषद असावी, ती मंजूर करणारे लोक असावेत आणि नेहमीचे विधिमंडळ त्या दोहोंच्या खाली असावे. सात वर्षांनी फिलाडेल्फियात ३१ ऑगस्टला मेरीलँडच्या मॅकहेन्री यांनी अडचण काढली की आमच्या राज्याच्या घटनेत बदलाची ठराविक रीत आहे आणि अधिकारी त्या रीतीला शपथेने बांधलेले आहेत. तेव्हा मॅडिसन यांनी दिलेले उत्तर काँकर्डच्या ठरावाच्याच वाटेवरचे होते. सर्व सत्तेचा उगम लोकांत आहे, त्यांच्यापर्यंत गेले की सर्व अडचणी मिटतात, असे ते म्हणाले.

तेव्हा कलमदान यांच्या प्रश्नाला माझे उत्तर 'दोन्ही' असे आहे. विधिमंडळांकडे गेलो तर स्वतःचे अधिकार कमी करणारा कागद ती मंजूर करणार नाहीत, हा हिशेब त्यात होताच. पण नुसता हिशेब असता तर लोकांच्या गळी तो उतरला नसता. परिषद म्हणजे काय आणि ती विधिमंडळापेक्षा वरचढ का, हे निदान काही राज्यांतील मतदारांना आधीपासून ठाऊक होते.

उंबरठा यांचे उत्तर

ही सारी चर्चा 'लोक' या शब्दावर येऊन टेकली आहे, म्हणून त्या लोकांकडे जरा जवळून पाहू.

२९ सप्टेंबर १७८७. फिलाडेल्फियाच्या ज्या इमारतीत बारा दिवसांपूर्वी घटनेवर सह्या झाल्या होत्या, तेथेच पेनसिल्व्हेनियाचे विधिमंडळ परिषद बोलावण्याचा ठराव पूर्ण करण्यासाठी जमले होते. गणपूर्तीला ४६ सदस्य हवेत आणि हजर ४४. घाईला विरोध असलेले सदस्य मुद्दाम गैरहजर राहिले होते. तेव्हा जमावाने त्यांच्यापैकी दोघांच्या, जेम्स मॅकॅल्मॉन्ट आणि जेकब मायली यांच्या, बिऱ्हाडावर जाऊन त्यांना रस्त्यातून ओढत सभागृहात आणले. कपडे फाटलेल्या अवस्थेत त्यांना बसवून ठेवले गेले. मॅकॅल्मॉन्ट यांनी, मला माझ्या मर्जीविरुद्ध आणले आहे, जाऊ द्या, अशी विनंती केली. ती अमान्य झाली. गणपूर्ती झाली आणि ठराव मंजूर झाला. डिसेंबरमध्ये त्या राज्याच्या परिषदेने ४६ विरुद्ध २३ मतांनी घटना स्वीकारली.

हे उदाहरण मी संपूर्ण प्रक्रियेची खिल्ली उडवण्यासाठी देत नाही. न्यू यॉर्कने परिषदेच्या निवडणुकीपुरती मालमत्तेची अट काढून सर्व स्वतंत्र प्रौढ पुरुष नागरिकांना मत दिले होते, आणि त्या शतकात इतक्या लोकांना असा प्रश्न क्वचितच कोठे विचारला गेला असेल. परंतु स्त्रिया जवळजवळ सर्वत्र बाहेर होत्या. १७९० च्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकसंख्येपैकी जवळपास ७ लाख गुलाम होते. त्यांना कोणी विचारले नाही. उलट त्यांच्या तीन-पंचमांश संख्येच्या आधारे त्यांच्या मालकांच्या राज्यांना प्रतिनिधिगृहात जास्तीच्या जागा मिळाल्या. ज्या घटनेची सुरुवात 'आम्ही लोक' अशी होते, तिच्या मूळ मजकुरात 'गुलाम' हा शब्द एकदाही येत नाही आणि गुलामगिरीची व्यवस्था मात्र तीन ठिकाणी येते. हा संकोच कसला होता ते लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

आता त्या 'आम्ही लोक'विषयी. ऑगस्टमधील मसुद्यात ती ओळ 'आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स...' अशी तेराही राज्यांची नावे घेत जात होती. सप्टेंबरमध्ये भाषा सफाईच्या समितीत गव्हर्नर मॉरिस यांच्या लेखणीखाली तिची 'आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक' अशी ओळ झाली. ('गव्हर्नर' हे त्यांचे नाव आहे, पद नव्हे.) यात व्यावहारिक गरज दिसते. कोणती नऊ राज्ये मान्यता देतील हे माहीत नसताना तेरांची नावे कशी छापणार? पण जून १७८८ मध्ये रिचमंड येथील व्हर्जिनियाच्या परिषदेत पॅट्रिक हेन्री यांनी नेमकी हीच ओळ पकडली. 'आम्ही राज्ये' असे न म्हणता 'आम्ही लोक' म्हणण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता. मॅडिसन यांनी ६ जूनला दिलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. या घटनेचे पक्षकार लोक आहेत, परंतु एका मोठ्या समूहाच्या रूपातले लोक नव्हेत, तर तेरा सार्वभौम राज्यांच्या रूपातले लोक.

मॅडिसन यांचे हे वाक्य ऐकून हेन्री यांच्या बाजूच्या माणसाचा जीव भांड्यात पडावा आणि प्रबळ केंद्राचा पुरस्कार करणाऱ्या हॅमिल्टन यांच्या बाजूच्या माणसालाही त्यात खोट दिसू नये, अशी त्याची घडण आहे. ८९ विरुद्ध ७९ अशा मतांनी व्हर्जिनियाचा निकाल लागला तेथे अशी वाक्ये लागतातच. पण प्रश्न सुटला नाही, पुढे ढकलला गेला.

तळटीप

उंबरठा यांच्या शेवटच्या वाक्याला पुरवणी जोडतो.

१८१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढील मॅककलक विरुद्ध मेरीलँड या खटल्यात मेरीलँडच्या वकिलांनी घटना राज्यांकडून आली आहे असा दावा केला. सरन्यायाधीश मार्शल यांनी दिलेल्या उत्तरात विल्सन यांचा १७८७ चा युक्तिवाद पुन्हा ऐकू येतो. फिलाडेल्फियाच्या हातून निघालेला कागद हा केवळ प्रस्ताव होता. त्याला बंधनकारक रूप दिले ते परिषदांत जमलेल्या लोकांनी. ते आपापल्या राज्यांत जमले हे खरे, पण दुसरीकडे कोठे जमणार होते, असे मार्शल विचारतात. राज्यात जमल्याने ती कृती राज्य सरकारची ठरत नाही.

आता दुसरे टोक पाहा. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना संघातून बाहेर पडले तेव्हा तो निर्णय विधिमंडळाने घेतला नाही. खास निवडलेली परिषद भरली आणि तिने २३ मे १७८८ चा, घटनेला मान्यता देणारा, आपल्या पूर्वीच्या परिषदेचा ठराव रद्द केला. ज्या साधनाने बांधले त्याच साधनाने सोडले, असा त्यांचा तर्क. गेरी यांचे सहा आणि नऊ मला येथे आठवतात. त्या तर्काचा फैसला न्यायालयात न होता रणांगणावर झाला, हे सर्वांना माहीत आहेच.

आडवाट यांना एवढेच सांगावेसे वाटते की मसुदा 'दोन्ही दारांतून' गेला हे मला मान्य आहे. पण विधिमंडळांनी परिषद बोलावली म्हणजे घटनेला मान्यता दिली असे होत नाही. तेराव्या कलमाला अपेक्षित होती ती मान्यता.

आडवाट

हा मुद्दा मी मान्य करतो. 'अवैध' ऐवजी 'कायद्याच्या पलीकडचे' असा शब्द वापरला तर आपल्यात वाद उरणार नाही, असे वाटते.

कलमदान

शेवटची शंका. नवे सरकार १७८९ च्या वसंतात सुरू झाले तेव्हा नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड यांनी मान्यता दिलेली नव्हती. जुना चिरंतन संघ संपलेला, नव्यात प्रवेश नाही. मग कायद्याच्या दृष्टीने ही दोन राज्ये त्या काळात नेमकी काय होती?

दगडी पाटी

थोडक्यात सांगायचे तर परकी, पण पुरती परकी नव्हेत.

नॉर्थ कॅरोलायनाच्या परिषदेने ऑगस्ट १७८८ मध्ये घटना स्वीकारलीही नाही आणि नाकारलीही नाही. हक्कांची सनद जोडा, मग पाहू, असा तिचा पवित्रा होता. काँग्रेसने २५ सप्टेंबर १७८९ ला बारा दुरुस्त्या राज्यांकडे पाठवल्या आणि नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेने मोठ्या बहुमताने मान्यता दिली. तेथे गोष्ट सरळ होती.

ऱ्होड आयलंडने मात्र सर्वांची परीक्षा पाहिली. मार्च १७८८ मध्ये त्याने परिषद न भरवता गावागावांत थेट मतदान घेतले. घटनेच्या समर्थकांनी बहिष्कार टाकल्यामुळे विरोधात २७०० च्या वर आणि बाजूने अडीचशेच्या आत, असा एकतर्फी निकाल लागला. गमतीचा भाग हा की तेरा राज्यांत मतदारांना थेट प्रश्न विचारणारे हे एकटेच राज्य होते. लोकच सत्तेचा उगम आहेत असे म्हणणाऱ्यांनी हा लोकांचा कौल मात्र सोयीने नजरेआड केला.

१७८९ च्या जकात वसुलीच्या कायद्यात काँग्रेसने या दोन राज्यांची सोय अशी लावली की त्यांचे स्वतःचे उत्पादन सोडून तेथून येणारा इतर माल परदेशी समजून त्यावर कर घ्यावा. न्यूपोर्ट आणि प्रॉव्हिडन्सच्या व्यापाऱ्यांचे पोटच बंदरावर होते; त्यांनी गयावया करून काही महिन्यांच्या सवलती मिळवल्या. जानेवारी १७९० मध्ये परिषद बोलावण्याचा ठराव वरिष्ठ सभागृहात बरोबरीत अडकला, तेव्हा गव्हर्नर जॉन कॉलिन्स यांनी निर्णायक मत देऊन तो पार केला. मार्चमध्ये परिषद भरली आणि निर्णय न घेताच उठली. मग १८ मे ला सिनेटने ऱ्होड आयलंडशी होणारा व्यापार बंद करणारे आणि त्याच्याकडे पैशांची मागणी करणारे विधेयक मंजूर केले. इकडे प्रॉव्हिडन्स शहराने, राज्य येत नसेल तर आम्ही वेगळे होऊन संघात जातो, अशी धमकी दिली.

त्या विधेयकावर प्रतिनिधिगृहाचा निर्णय होण्यापूर्वीच न्यूपोर्ट येथे २९ मे १७९० ला परिषदेत मतदान झाले, ३४ विरुद्ध ३२. त्या दिवशी तेराव्या कलमातील तेरा हा आकडा एकदाचा भरला. तेथेही मत दिले ते परिषदेनेच, विधिमंडळाने नव्हे.